नागरिकशास्त्र : उद्याच्या तासाला नेता येईल असं ऑनलाइन साहित्य सुचवा

खडू_फळा

नमस्कार मंडळी. यंदा सहावी ते दहावीचा इतिहास-नागरिकशास्त्र हा विषय माझ्याकडे आला आहे. इतिहासाचं निभावेल, तिथे गोष्ट सांगता येते. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं पुस्तक उघडतानाच विचारतात, "सर, आज नुसतं वाचायचंय ना?"

बालभारतीची पीडीएफ पुस्तकं माझ्याकडे आहेत. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्यही बघितलं, त्यातलं काही चांगलं आहे. यूट्यूबवर मात्र बहुतेक व्हिडिओ म्हणजे धडा मोठ्याने वाचून दाखवणं आणि शेवटी स्वाध्यायाची उत्तरं. ते मी फळ्यावरही करू शकतो.

'तयार साहित्य' म्हणजे मला काय हवंय ते सांगतो. रात्री शोधलं आणि सकाळी वर्गात नेलं, असं काहीतरी. ३५ मिनिटांत बसणारं. मराठीत, किंवा मराठीत सांगता येईल इतकं सोपं. प्रोजेक्टर आठवड्यातून एकदा मिळतो, बाकी दिवस माझा फोन आणि झेरॉक्स. तुम्ही स्वतः वापरलेलं सांगा, नुसती साइटची यादी नको.

मृद्गंध

वाचनखूण साठवली आहे. सहावीच्या एका मुलाची आई या नात्याने उत्सुकता आहे.

वस्तीशाळा

सर, सहावीपासून सुरुवात करा, तिथलं साहित्य सगळ्यात तयार आहे. फक्त त्यावर 'शैक्षणिक साहित्य' असा शिक्का नाही.

पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, मग ग्रामपंचायत असं निवडत गेलं की त्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा दिसतो. कामाचं नाव, अंदाजित रक्कम, निधी कुठल्या योजनेतून, सगळं एका तक्त्यात. 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' या धड्याच्या वेळी मी आमच्याच गावाचा तक्ता छापून नेते. पुस्तकात ग्रामपंचायतीची कामं म्हणून जी ओळ आहे, तीच तक्त्यात 'शाळेजवळील गटार दुरुस्ती' म्हणून दिसली की वर्ग जागा होतो. गटार कुठलं ते त्यांना ठाऊक असतं. झालं की नाही तेही ठाऊक असतं!

मी एकच प्रश्न देते : यातली कुठली दोन कामं तुम्ही आधी केली असती, आणि त्यासाठी कुठलं मागे ठेवलं असतं? दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. नाहीतर सगळीच कामं पहिल्या नंबरवर येतात.

चलाख मुलं विचारतात की सगळा पैसा रस्त्यालाच का नाही लावत. तिथे बंधित आणि अबंधित निधी समजावायची संधी मिळते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेली होती, उरलेल्या ४० टक्क्यांत गावाला निवड करता येत होती. सहावीला टक्केवारी आलेली असते, त्यामुळे गणिताचाही सराव होतो.

गृहपाठ : पुढची ग्रामसभा कधी, ते घरी विचारून या. बहुतेक घरांत २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट हे उत्तर येतं, १ मे आणि २ ऑक्टोबर मात्र फार थोड्यांना आठवतात.

खडू_फळा

ताई, हे उद्याच करतो. आमची शाळा नगरपरिषद हद्दीत आहे, पण निम्मी मुलं आसपासच्या गावांतून येतात. शहरातल्यांसाठी काय?

वस्तीशाळा

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प संकेतस्थळावर असला तर त्याचं फक्त गोषवाऱ्याचं पान घ्या. पूर्ण अर्थसंकल्प नेऊ नका, मुलं आकड्यांत बुडतात.

गणिती

धागा चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. इतिहास-राज्यशास्त्राची बोर्डाची पत्रिका ४० गुणांची. त्यात राज्यशास्त्राच्या वाट्याला येणारा तुकडा लहान. आठवड्याच्या तासिका मोजक्या. गटाराची चर्चा छान वाटते, पण दहावीच्या मुलाला शेवटी 'संकल्पना स्पष्ट करा' लिहायचं असतं. पालक सभेत प्रश्न मला विचारले जातात, ई-ग्रामस्वराजला नाही.

तळटीप

गणिती, दहावीचं मान्य. पण धागाकर्त्याकडे सहावी ते नववीही आहे आणि तिथे बोर्ड नाही. शिवाय 'स्पष्ट करा'चं उत्तर पाठ न करता लिहिता यायचं असेल तर मुलाने ती संकल्पना कुठेतरी चालताना बघितलेली असावी लागते.

माझी शिफारस संविधान सभेतल्या चर्चांची. बेंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेचं कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट हे संकेतस्थळ आहे. ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासूनचं कामकाज तिथे तारखेनुसार आणि परिच्छेदांनुसार मिळतं, शब्द टाकून शोधताही येतं. भाषा इंग्रजी, म्हणून शिक्षकाला थोडं काम आहे. माझी पद्धत अशी की एका प्रसंगातली चार-पाच भाषणं निवडायची, प्रत्येकाचं दोन-तीन ओळींत मराठी करायचं आणि चिठ्ठ्या वाटायच्या.

सातवीला 'संविधानाची उद्देशिका' शिकवताना १७ ऑक्टोबर १९४९ चं कामकाज घ्या. ह. वि. कामथ यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. लगेच सभा दोन्हीकडून बोलायला लागली. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, ईश्वर म्हणता तर देवीही घाला. पट्टम थाणू पिळ्ळै यांचा मुद्दा असा की श्रद्धेच्या बाबतीत ही सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरू यांनीही ठाम विरोध केला. शेवटी मतदान झालं : बाजूने ४१, विरोधात ६८. सूचना फेटाळली गेली.

वर्गात मी निकाल आधी सांगत नाही. चिठ्ठ्या वाचून झाल्या की मुलांकडून हात वर करून मतदान घेतो, मग सभेचा आकडा फळ्यावर लिहितो. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही, आणि जुळले नाहीत तर तास जास्त रंगतो. 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द परिपाठाला रोज म्हटले जातात. त्यांच्या जागी दुसरं काही येऊ शकलं असतं, हे मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

दुसरा प्रसंग वस्तीशाळा ताईंच्या धड्याला जोडून घ्या. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यावर कडक टीका केली. खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं घर, असा त्या भागाचा आशय आहे. पुढे २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचं कलम सुचवलं आणि आंबेडकरांनी ते स्वीकारलं. आजचा अनुच्छेद ४० तो हाच. मग पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. टीका करणारा माणूस सूचना मान्य का करतो, यावर आठवीची मुलं काय काय बोलतात ते ऐकाच.

नाममात्र

+१. अवांतर : याच चर्चांवर आधारित श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर आली होती, यूट्यूबवर सापडते. अख्खा भाग लावू नका. सात-आठ मिनिटांचा तुकडा आधी बघून, वेळ लिहून ठेवून लावा. हिंदी आहे, आपल्या मुलांना अडत नाही.

अस्मादिक

उद्देशिकेसाठी माझा सोपा उपाय, एका तासाचा आणि फुकट. संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची छायाचित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं, चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. उद्देशिकेचं पान मोठं छापून घ्या आणि शेजारी पाठ्यपुस्तकातली उद्देशिका ठेवा. फरक शोधा! 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' लगेच सापडतात, 'एकात्मता' सापडायला वेळ लागतो. तिन्ही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. 'संविधानात बदल कसा होतो' हा प्रश्न मग मुलांकडूनच येतो, आपल्याला प्रस्तावना करावी लागत नाही.

मूळ पान इंग्रजीत आहे, पण सातवीला तेवढं वाचता येतं. अख्खं संविधान मराठीत हवं असेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाची आवृत्ती घ्या. कुठल्या तरी ब्लॉगवरचा अनुवाद नको.

वकिलीण_बाई

शिक्षक नाही, पण शाळांमध्ये कायद्याबद्दल बोलायला जाते, तेव्हा तयार पीपीटी आधी मागून घेते. इंटरनेटवरून उतरवलेल्या पीपीटींची मोठी अडचण म्हणजे त्या शिळ्या असतात. उघडल्यावर मी आधी या जागा बघते :

लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्यांचं नामनिर्देशन लिहिलं असेल तर ती २०२० च्या आधीची, कारण १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर ती तरतूद संपली. केंद्रशासित प्रदेश सात किंवा नऊ लिहिले असतील तरी जुनी, २६ जानेवारी २०२० पासून ते आठ आहेत. मूलभूत कर्तव्यं दहा असतील तर ती २००२ च्या आधीच्या पुस्तकावरून उतरवलेली, अकरावं ८६ व्या दुरुस्तीने आलं. भारतीय दंड संहिता चालू कायदा म्हणून दाखवली असेल तर लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे.

आणि आपल्या राज्यातली खास फसगत म्हणजे सरपंचाची निवड. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांमधून, २०२२ मध्ये परत थेट. स्लाइड कुठल्या वर्षाची यावर तिचं उत्तर ठरतं. मी तर म्हणेन, ही चूक दुरुस्त करून टाकू नका, मुलांसमोर ठेवा. तिन्ही वेळा कायदा कोणी बदलला आणि कुठल्या सभागृहात, हे शोधायला लावा. 'राज्यशासन' हा आठवीचा धडा तिथेच अर्धा होतो.

खडू_फळा

बाई, माझ्याकडच्या पीपीटीत सात केंद्रशासित प्रदेश आहेत :) बाकीच्या जागा आज रात्री बघतो. एक विचारू? असं साहित्य छापून वाटलं तर स्वामित्वहक्काची अडचण येते का?

वकिलीण_बाई

वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने उतारा वापरायला कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. न्यायालयाचे निकालही पुनर्मुद्रित करता येतात. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून स्वतःच्या चॅनलवर चढवणं मात्र त्यात बसत नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर हे सर्रास चालतं म्हणून सांगितलं.

शुभदा_कु

निवडणुकीवर कोणीच बोललं नाही अजून? आमच्याकडे शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपने होते. एक फोन कंट्रोल युनिट, दुसरा बॅलट युनिट. बीपचा आवाज आला की पहिलीतलं पोरही रांगेत उभं राहायला तयार!

पण खरं शिकणं यंत्राच्या आधी असतं, हे ठासून सांगते. बऱ्याच शाळा ॲप लावतात आणि फोटो काढून मोकळ्या होतात. आम्ही आधी मतदार यादी लावतो आणि तिच्यात मुद्दाम एक नाव दोनदा, एक नाव वगळून ठेवतो. हरकत घ्यायला मुदत देतो. ज्याचं नाव गायब आहे तो पोरगा वर्गशिक्षकांकडे न जाता 'निवडणूक अधिकारी' मुलीकडे लेखी अर्ज घेऊन गेला, म्हणजे धडा समजला. अर्जांची छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार बंद करण्याची वेळ, सगळं मुलांकडे. 'यापैकी कोणीही नाही' हा पर्याय ठेवतोच. त्याला सर्वाधिक मतं पडली तर काय, यावर आमच्याकडे जोरदार भांडण झालं. खऱ्या लोकसभा-विधानसभा निवडणुकीत तसं झालं तरी उमेदवारांपैकी जास्त मतं मिळवणाराच निवडून येतो, हे मुलांना अजिबात पटत नाही. न पटू दे, त्यावर लिहायला लावते.

भारत निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये मतदार साक्षरता मंडळं सुरू केली. त्यांच्या पुस्तिकांमध्ये नववी ते बारावीसाठी तयार खेळ आणि कृती आहेत, दहावीच्या 'निवडणूक प्रक्रिया' धड्याला चांगल्या बसतात. गणिती सर, हे तुमच्यासाठी. आणि मुलांना एक फरक जरूर सांगा : ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या निवडणुका हा आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो.

गणिती

पुस्तिका बघतो, धन्यवाद. यादीत मुद्दाम चूक ठेवायची कल्पना ढापली आहे.

सातासमुद्रापार

अमेरिकेत आयसिव्हिक्स नावाची मोफत साइट आहे, निवृत्त न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी २००९ मध्ये सुरू केलेली. खेळ अप्रतिम आहेत. एका खेळात तुम्ही वकिलांचं कार्यालय चालवता आणि आलेल्या माणसाच्या तक्रारीत खरंच हक्काचा भंग आहे का ते ओळखता. आपल्याकडे असं काही मराठीत का नाही?

तळटीप

खेळ छान आहे, पण थेट वर्गात नेऊ नका. तिथली घटनादुरुस्त्यांची भाषा, ज्युरी, राष्ट्राध्यक्ष, सगळं वेगळं. मुलं नंतर आपल्या पंतप्रधानांना नकाराधिकार देऊन मोकळी होतात. त्यातली कल्पना तेवढी उचला. दहा कागदी 'अशील' तयार करा, प्रत्येकाची एक तक्रार. कुठली मूलभूत हक्कात बसते, कुठली साध्या कायद्यात, कुठली कशातच नाही. सातवीच्या दोन्ही हक्कांच्या धड्यांची उजळणी त्यात होते. 'शेजारी मोठ्याने गाणी लावतो' आणि 'जातीमुळे विहिरीवर पाणी भरू दिलं नाही' या दोन चिठ्ठ्या एकाच डब्यात असू द्या.

काळीपाच

युवा संसद करणाऱ्यांसाठी : संसदीय कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय युवा संसद योजनेच्या पोर्टलवर नमुना प्रश्न, कामकाजपत्रिका वगैरे तयार आहे. पण माझं मत तिखट आहे. स्पर्धेतल्या बहुतेक युवा संसदा म्हणजे पाठ केलेले संवाद आणि ठरवून केलेला सभात्याग. मुलं संसद शिकत नाहीत, संसदेची नक्कल शिकतात.

त्यापेक्षा फक्त प्रश्नोत्तराचा तास घ्या. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं दोन्ही मिळतात. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, त्यांना तोंडी उत्तर आणि वर पूरक प्रश्न. अतारांकितांना फक्त लेखी उत्तर. एक खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर छापा, मुलांना वाचायला द्या आणि विचारा : मंत्र्यांनी विचारलेल्याचं उत्तर दिलं का? कुठला भाग सोडला? आता तुमचा पूरक प्रश्न लिहा, एका वाक्यात. नववीतल्या मुलाला एका वाक्यात नेमका प्रश्न विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे. टीव्हीवरच्या चर्चांत मोठ्यांना जमत नाही.

विधेयकं शिकवायची असतील तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचे सारांश बघा. इंग्रजी आहेत, काही हिंदीतही, आणि नेमके असतात.

नाममात्र

उमेदवारांची शपथपत्रंही वर्गात नेता येतील ना? मालमत्ता, शिक्षण, गुन्हे सगळं असतं. निवडणूक आयोगाच्या साइटवर आहेत, 'मायनेता' या संकेतस्थळावर सोप्या रूपात.

गणिती

नेता येतील आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येही जाता येईल.

काळीपाच

गणितींची भीती अनाठायी नाही. मार्ग आहे : दुसऱ्या राज्यातला मतदारसंघ घ्या, जुनी निवडणूक घ्या, नाव आणि पक्ष काळ्या पेनाने खोडा. 'उमेदवार अ, ब, क' ठेवा. मतदाराला ही माहिती कशी मिळायला लागली हे सांगायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे २००२ आणि २००३ चे निकाल आहेतच. शिक्षकाने कोणाची बाजू घ्यायची नाही, पण कागद लपवायचाही नाही. आणि 'गुन्हा दाखल' व 'दोषी ठरला' यातला फरक आधी शिकवून मगच कागद वाटा.

मृद्गंध

पालक म्हणून एक विनंती. ऑनलाइन प्रश्नमंजूषा देताना बघून घ्या हो. संविधान दिनाला मुलाच्या ग्रुपवर एक लिंक आली. प्रमाणपत्रासाठी पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आणि माझा मोबाइल नंबर हवा होता. त्यानंतर क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले.

वकिलीण_बाई

अगदी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. ज्या प्रश्नमंजूषेला नंबर लागतो तिचे प्रश्न फळ्यावर लिहा, लिंक पाठवू नका. आणि हाच किस्सा खासगीपणाच्या हक्काचा धडा म्हणून घ्या. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचं पीठ, अनुच्छेद २१.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. प्रोजेक्टरच्या दिवशी मालिकेचा तुकडा आणि हस्तलिखित पान, बाकी दिवस झेरॉक्स असं ठरवतोय. सहावीला आराखडा, सातवीला १७ ऑक्टोबरच्या चिठ्ठ्या, आठवीला सरपंचाचं कोडं. नववीचं अडलंय. तिथे परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय समस्या आहेत.

तळटीप

संयुक्त राष्ट्रांसाठी सुरक्षा परिषदेतलं मतदान घ्या. त्यांच्या डिजिटल ग्रंथालयात ठरावांवरची मतं देशवार मिळतात. पंधरा खुर्च्या मांडा, पाच कायम, दहा निवडून आलेल्या. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात. चौदा हात वर आणि एका कायम सदस्याचा विरोध, ठराव पडला. आणि कायम सदस्य नुसता तटस्थ राहिला तर पडत नाही, हेही करून दाखवा.

चिठ्ठ्यांची मराठी फाइल माझ्याकडे तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. वापरताना मूळ इंग्रजीशी एकदा ताडून घ्या आणि कुठे भाषांतर सैल वाटलं तर इथेच कळवा.

वस्तीशाळा

तळटीप सर, मलाही पाठवा. नेट वर्गात चालत नाही आमच्याकडे, त्यामुळे वर्डपेक्षा पीडीएफ द्या. फोनवर फॉन्ट फुटतो.